बिरू कामावर होता

आक्का,

तुझ्या दहाव्याचा निरोप व्हॉट्सॲपवर फिरवायचा होता. मजकूर तात्यांनी लिहून पाठवला. भावकीत कुणीही गेलं की मजकूर आपले हे चुलतेच लिहितात. तुझ्या नावाआधी त्यांनी ‘शांत, सोशिक व मनमिळाऊ स्वभावाच्या’ असं घातलं होतं. मी ते सगळं काढून टाकलं. लगेच तात्यांचा फोन आला.

“संपत, गेलेल्या मानसाबद्दल चार बरं शब्द घालायचं असत्यात रं.”

“तात्या, ती शांत नव्हती. सोशिक तर लांबच राहिलं. आन् मनमिळाऊ म्हनाल तर निम्म्या सांगलीशी तिचं वाकडं हुतं.”

तात्या म्हणाले, “ते बी खरं हाय.”

तर निरोपात नुसतं तुझं नाव गेलं, नावापुढं ‘सीए’ आणि नदीवरचं ठिकाण. ही दोन अक्षरं काढून घेऊ म्हणून तुला किती जणांनी धमकावलं होतं. म्हणून ती मी मुद्दाम जाड ठशात टाकली. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू देत.

तू सीए झालीस तेव्हा आपल्या गावात ते काय असतं हे कुणाला धड ठाऊक नव्हतं. कोरेगावच्या बाजारात आईला एक बाई म्हणाली होती, “थोरली पोलिसात लागली म्हनं.” आईनं तिला दुरुस्त केलं नाही. घरी येऊन आपल्याला सांगितलं आणि तू इतकी मोठ्यानं हसलीस की गोठ्यातली म्हैस बिथरली. तुझं हसणं बायकांसारखं नाही, असं आत्या म्हणायची. पत्त्यांत तू उघड उघड लबाडी करायचीस. पकडली की म्हणायचीस, “खेळात चालतंय.” आणि मी फौजेच्या भरतीसाठी धावायचा सराव करायचो तेव्हा घड्याळ घेऊन बांधावर तूच उभी असायचीस. बाकीच्या पोरांचे भाऊ त्यांना चढवून सांगायचे, आज लय चांगला पळालास म्हणून. तू एकदाही वेळ कमी करून सांगितली नाहीस. मी चिडायचो. तू म्हणायचीस, “मी खोटं सांगितलं तर तिथं साहेब खरं सांगनार हाय. मग?” मी पहिल्याच भरतीत निवडला गेलो. त्याबद्दल तुला कधी काही बोललो नाही. आपल्यात तसलं बोलायची रीत नव्हती.

आज जे बोलायचं ते माधवनगरच्या त्या सूतगिरणीबद्दल. तिचं नाव मी लिहिणार नाही. तूही घरात कधी नाव घेऊन बोलायची नाहीस, ‘आमची मिल’ म्हणायचीस. तुला काढून टाकल्यावरसुद्धा कितीतरी दिवस तू ‘आमची’च म्हणत होतीस आणि त्याचा मला राग यायचा.

मालकांनी तुला चांगलं वागवलं, हे मला नाकारता येत नाही. बाई माणूस हिशेब खात्याची प्रमुख, ही गोष्ट तिथल्या कितीक जणांना पचत नव्हती, तेव्हा मालक सगळ्यांसमोर तुला ‘आमच्या सीए मॅडम’ म्हणायचे. दादांचं हृदयाचं ऑपरेशन मिरजेत झालं. वडील तिथं पडलेले आणि मी सरहद्दीवर, रजा मिळत नव्हती. त्या माणसानं स्वतः डॉक्टरांशी बोलून सगळं जुळवून आणलं आणि ऑपरेशन होईपर्यंत तुझ्याशेजारी बाकावर बसून राहिला. तुला त्यांनी ‘पोरी’ म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून. म्हणूनच पुढचं सगळं इतकं जड गेलं. कुणी हलकट माणूस असता तर तू पहिल्या दिवशीच फाडून बोलली असतीस.

बिरू जतकडचा. धनगराचा पोर, घरच्यांनी मेंढरं कमी करून थोडी शेती धरलेली, पाणी नाही म्हणून हा सांगलीला आलेला. मिलमध्ये तो बदली कामगार होता. म्हणजे कायमचा कुणी आला नाही की त्याच्या जागी उभा राहायचा. बदलीवाल्यांना कार्ड नसतं, गेटवरच्या मशीनवर अंगठा नसतो. पाळीवरचा जॉबर, म्हणजे मुकादम, रोज सकाळी चिठ्ठीवर त्यांची नावं लिहून तुझ्या टेबलावर पाठवायचा आणि तू ती हजेरीला चढवायचीस. त्या सकाळीही चिठ्ठी आली, तू नाव चढवलंस. मग कापूस पिंजायच्या मशीनमध्ये बोळा अडकला, तो काढायला बिरूनं हात घातला आणि मशीननं त्याला ओढलं. मिरजेला पोहोचेपर्यंत तो संपला होता.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मालकांनी तुला केबिनमध्ये बोलावलं. तिथलं बोलणं तू मला पुढं इतक्या वेळा सांगितलंस की मी स्वतः तिथं बसलो होतो असं मला वाटतं. मॅनेजर कदम खिडकीजवळ उभे होते. मालकांनी दार लावून घ्यायला सांगितलं.

“पोरी, तो बिरू महिनाभर कामावर येत नव्हता असं दाखवायचं. कुणाला तरी भेटायला म्हणून आत आला आणि घडलं. एवढं एकदाच.”

तू विचारलंस, “त्याच्या घरच्यांचं काय?”

“त्यांना मी माझ्या परीनं बघतो. उघड्यावर टाकणार नाही. पण कामावर होता असं ठरलं तर फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार, मशीनचं झाकण का काढलं होतं ते निघणार. मिल बंद पडेल. चारशे घरं आहेत ह्यावर. हिशेबाची माणूस आहेस तू, कर हिशेब.”

तू म्हणालीस, “तो सकाळच्या पाळीला होता. मी स्वतः नाव चढवलंय. ते मी काढणार नाही.”

कदम म्हणाले, “मॅडम, एका नावाचा प्रश्न आहे.”

“म्हणूनच,” तू म्हणालीस.

मालक चिडले नाहीत. दादांच्या ऑपरेशनची आठवणही त्यांनी काढली नाही. तेच तुला सगळ्यात जास्त लागलं. “काढली असती तर मला सोपं गेलं असतं रं,” असं तू म्हणाली होतीस.

नाव दुसऱ्या कुणीतरी काढलं. तुझ्या हाताखालचाच एक, त्याचं नावही सोडून देऊ. तुझा कॉम्प्युटर काढून घेतला. नोकरीवरून एकदम काढायचं धाडस झालं नाही, म्हणून तुला गेटच्या चौकीत बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर देखरेख करायची म्हणून. सीए झालेली बाई, कापसाच्या ट्रकांची धूळ खात वॉचमनशेजारी लोखंडी खुर्चीवर. तू रोज वेळेवर जायचीस. साडी रोज इस्त्रीची. मला हे कळलं तसा मी साताऱ्याहून गाडी काढली आणि थेट तुझ्या खोलीवर आलो.

मी नुकताच रिटायर झालो होतो, डोक्यात अजून पलटणच होती. तू भाकरी थापत होतीस. मी उभ्याउभ्याच म्हणालो, “राजीनामा टाक आन् गावाकडं चल. असल्या जाग्यावर बसायची काय गरज हाय?”

“मी काय चुकलेय म्हनून जागा सोडू?”

“मग त्यांनी सांगितलं ते करायचं. पगार देनारा सांगतुय. आमच्यात ऑर्डर म्हंजे ऑर्डर असती. समदेच आपल्या मनानं चालाय लागलं तर पलटन चालंल का?”

तू तव्यावरची भाकरी उलटलीस. माझ्याकडं बघितलंही नाहीस.

“संपत, तुमच्यात कुनी जवान गेला, आन् साहेबानं सांगितलं, लिही, हा आदल्या दिशीच पळून गेला हुता. तू लिवलं असतंस?”

माझ्याबरोबरचे जे गेले त्यांची नावं तुला माहीत होती. एकाच्या घरी, वाईला, तू माझ्याबरोबर आली होतीस. त्याच्या आईचा हात धरून बसली होतीस. तो प्रश्न तू मुद्दाम विचारलास. मी खाली बसलो आणि ताट पुढं ओढलं. त्या दिवशी आपण पुढं ऊस, पाणी, भावकी असलंच काहीबाही बोलत राहिलो.

पण आक्का, मी जेवायला बसलो म्हणून सगळं पटलं असं नव्हतं. ते मी तुला नंतरही बोललो आणि आजही बोलतो. फौजेत जे सोसायचं ते सगळी तुकडी मिळून सोसते. तू एकटी होतीस. तुझ्या सांगलीतल्या सीए लोकांनी काय केलं? त्यांचा कसलासा वार्षिक कार्यक्रम होता, व्यवसायातली सचोटी ह्यावर कुणाचं तरी भाषण होतं. तू मला बरोबर नेलंस. जेवणाच्या वेळी आपल्या टेबलावर चार खुर्च्या मोकळ्या राहिल्या. भाषणाला टाळ्या वाजवणारे तेच लोक ताटं घेऊन आपल्याला वळसा घालून जात होते. एक तुझ्याबरोबरचा, परीक्षेच्या वेळी तुझ्या नोट्स नेणारा, हात धुताना हळूच म्हणाला, “विजया, तुझं बरोबर आहे, पण आमचे क्लायंट आहेत ना त्यांच्याकडं.” तू त्याला म्हणालीस, “मग बरोबर आहे हे तरी मोठ्यानं म्हण.” तो ओला हात तसाच घेऊन गेला. मी हसलो. तू हसली नाहीस.

ह्या सगळ्यात त्यांनी एक मोठी चूक केली होती. तुला शिक्षा म्हणून गेटवर बसवलं, आणि बिरूची बायको आली ती गेटवरच.

कस्तुरी. डोक्यावर पदर, कडेवर मूल, बरोबर म्हातारा सासरा. ऑफिसात तिला सांगितलं होतं, तुझा नवरा आमच्याकडं नव्हता, त्यानं काम सोडलं होतं, मालकांनी दया म्हणून पाकीट ठेवलंय ते ने आणि ह्या कागदावर अंगठा दे. तिनं अंगठा दिला नाही. परत जाताना ती तुझ्या चौकीपाशी थांबली. तू तिला पाणी दिलंस. ती प्यायली नाही, उभीच राहिली.

“बाई, तुमी हितल्याच न्हवं? माझा नवरा हितं कामाला हुता का न्हवता? त्या दिशी सकाळी डबा मीच बांधून दिला. ही मानसं म्हंत्यात त्यो कामावर न्हवताच. मग त्यो डबा घिऊन कुटं गेला?”

वॉचमन बघत होता. वरच्या खिडकीतून कदम बघत होते, हे तुला दिसत होतं.

तू म्हणालीस, “बिरू कामावर होता. सकाळच्या पाळीला होता. मी सांगतेय, आणि जिथं सांगावं लागेल तिथं सांगेन.”

कस्तुरी तिथंच खाली बसली. रडली नाही म्हणालीस, नुसती बसली. सासऱ्यानं फेटा काढून तोंड पुसलं. नवरा मेल्यापेक्षा तो कुठं मेला हेच लोक नाकारतात ह्यानं त्या बाईचं डोकं फिरायची वेळ आली होती.

त्याच संध्याकाळी तुझं काम गेलं. कंपनीची गुप्त माहिती बाहेर दिली असा ठपका. मग कागद चोरल्याची तक्रार. पोलीस खोलीवर आले, कपाट उचकलं, गादी उलटीपालटी केली. मी तुला आधीच म्हणालो होतो, त्या चिठ्ठीचा, हजेरीचा फोटो तरी काढून ठेव. तू नाही म्हणाली होतीस. “कागद मिलचे हायत. ते उचलायचा मला हक्क न्हाई. मला जे ठावं हाय ते मला ठावं हाय.” तेव्हा मला वाटलं होतं, हा हट्टीपणा आहे. पोलिसांना सापडलं काय, तर पत्त्यांचा कॅट आणि भडंगाचा डबा. फौजदारानं मला बाहेर बोलावून सांगितलं, “बहिणीला सांभाळा, सुभेदार. पुष्कळ वर बोलणी झालीयेत.” आणि मग हळू आवाजात, “एक चिटोरं नाही हो घरात.” तक्रार तिथंच थंड झाली.

तुझ्या त्या दोन अक्षरांमागंही ते लागले. तुमच्या संस्थेकडं लिहितो, मालकाचं गुपित फोडलं म्हणून नाव कमी करायला लावतो, असा निरोप वकिलाकडून आला. मी घाबरलो होतो, आक्का. तू आईच्या फोटोकडं पाठ करून बसली होतीस, पाय चोळत. म्हणालीस, “ती अक्षरं मालकानं दिलेली न्हाईत. त्येंच्यानं काय निघत न्हाईत.” निघाली नाहीत.

कस्तुरीनं भरपाईचा दावा लावला होता, त्यात कामगार न्यायालयात तुझी साक्ष झाली त्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. मिलचा वकील हुशार होता. त्यानं आधी तुझा पगार विचारला, मग दादांच्या ऑपरेशनचं काढलं. जे मालक स्वतः बोलले नव्हते ते वकिलाकडून आलं.

“म्हणजे ज्यांनी तुमच्या वडिलांना वाचवलं त्यांच्याविरुद्ध तुम्ही इथं उभ्या आहात?”

“विरुद्ध नाही. बिरू कामावर होता एवढं सांगायला उभी आहे.”

“कंपनीचं मीठ खाल्लंत ना तुम्ही?”

“पगार घेतला. तो हजेरी बरोबर ठेवायचा होता. ती मी बरोबर ठेवली.”

“तुमच्याकडं एखादा कागद आहे का?”

“नाही. कागद कंपनीचा होता. कंपनीनं काय केला ते कंपनीला विचारा.”

“कागद नाही, पुरावा नाही. मग तुमच्याकडं आहे काय?”

“मी आहे,” तू म्हणालीस.

मालक पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मी पलटणीत वर्षानुवर्षं लोकांना ताठ उभं राहायला शिकवलं. माझ्या हाताखाली कुणी तसं उभं राहिलेलं मला आठवत नाही. बाहेर आल्यावर मी तुला उसाचा रस पाजला आणि म्हणालो, “आलं जास्त घातलंय व्हय?” एवढंच बोललो. बाकीचं बोलायचं राहिलं ते आजवर राहिलं.

निकाल एकट्या तुझ्या शब्दावर लागला नाही, हे सांगितलंच पाहिजे. पुढच्या तारखेला इस्माईलभाई आले. त्या पाळीचे जॉबर, ज्यांनी ती चिठ्ठी लिहिली होती. इतके महिने ते गप्प होते, लेकीचं लग्न जमलेलं, नोकरी जाईल ही भीती. साक्षीच्या पिंजऱ्यात त्यांना विचारलं, आत्ताच का आलात? ते म्हणाले, “मॅडम त्या दिवशी उभ्या राहिल्या. मग मला घरी जेवण जाईना.” बिरू कामावर होता, असा निकाल झाला. कस्तुरीला भरपाई मंजूर झाली. आणि मिल बंद पडली का? पडली नाही. मशीनला झाकण बसलं, पाळ्या चालू आहेत. चारशे घरांची भीती दाखवून एक घर पुसायला निघाले होते, ती चारशे घरं आजही त्याच मिलवर जेवतात. मालकांनी तुला हिशेब कर म्हटलं होतं. त्यांच्यापेक्षा तुझा बरोबर आला.

पण तुला सांगली-मिरजेत पुन्हा काम मिळालं नाही. मुलाखतीत सगळे तुझं कौतुक करायचे, आणि मग फोन यायचा नाही. शेवटी साताऱ्यात राजवाड्याच्या मागं छोटी जागा घेऊन दुकानदारांचे हिशेब बघायला लागलीस. कुणी “जरा ॲडजस्ट करा मॅडम” म्हटलं की त्याची फाईल त्याच्या हातात द्यायचीस, चहा पाजून. त्यातला एक भांडीवाला तीन वेळा फाईल घेऊन गेला आणि तीन वेळा परत आला. तुझ्या मयताला तो दुकान बंद करून आला होता.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही. मागच्या हिवाळ्यात आपण वाईला गेलो होतो. घाटावर पायरीवर बसलो होतो, तू शेंगा सोलत होतीस. मी विचारलं, “आक्का, कशाचा पश्चात्ताप वाटतुय का?” मला वाटलं, नोकरीचं काही बोलशील.

तू म्हणालीस, “व्हय. त्या झाकनाचा.”

मला कळलं नाही. मग तू सांगितलंस. मशीनची झाकणं झिजली होती, धड बसत नव्हती, नवी बसवायचा खर्च त्या वर्षी करायचा की पुढच्या, ह्यावर बैठक झाली होती. अपघाताच्या कितीतरी आधी. तू त्या बैठकीत होतीस. “पुढच्या वर्षी ढकलला तर ह्या वर्षी किती वाचतंय ते मीच वाचून दाखवलं. सगळ्यांनी मान हलवली. मी बी. आकडा बरोबर हुता रं. त्यात एक पैशाची चूक नव्हती.” शेंगांची टरफलं तू पदरातून खाली झटकलीस. “ते मी कोर्टात सांगितलं न्हाई. कुनी इचारलंच न्हाई.”

तुला समजावलेलं तुला आवडायचं नाही. तेव्हा जे बोललो नाही ते आता बोलतो, आणि आता तुला उलट उत्तर देता येणार नाही म्हणून शांतपणे ऐकून घे. झाकण काढायचा हुकूम तुझा नव्हता. त्या टेबलाभोवती जेवढे बसले होते त्यांतल्या एकट्या तुला झोप लागली नाही. बाकीच्यांना ती मान हलवल्याचंसुद्धा आठवत नसेल. तुझ्या जिद्दीच्या मागं ते होतं, हे मला त्या पायरीवर कळलं. आणि तरी मी म्हणतो, एवढी किंमत तू एकटीनं द्यायची नव्हती. ह्यावर आपलं भांडण व्हायचं राहिलं. तू जिंकली असतीस बहुतेक. पण मी सोडलं नसतं.

आता परवाचं. तुझं तेरावं झालं आणि मॅनेजर कदम गावात आले. गाडी पारापाशी लावून चालत आले. डोळ्यांना रुमाल लावला, तुझ्या फोटोला हार घातला. मालक आजारी आहेत, त्यांनी पाठवलं, म्हणाले. मी चहा करायला सांगितला. आलेल्याला चहा द्यायचा, ते मी चुकवलं नाही.

चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून टाईप केलेला कागद काढला. मिलनं वरच्या कोर्टात केलेलं अपील अजून पडून आहे. तू गेलीस हे कळल्यावर त्यांच्या वकिलाला काहीतरी सुचलंय. कागदात लिहिलं होतं की त्या काळात तुझ्या मनाची स्थिती ठीक नव्हती, तू कसल्या कसल्या गोळ्यांवर होतीस, आणि सख्खा भाऊ म्हणून मी हे प्रतिज्ञेवर सांगतो.

“सुभेदार, मॅडमला आता त्रास नाही ह्याचा. त्या सुटल्या. आणि तुमचा पोरगा इंजिनिअर झालाय, घरीच आहे म्हणे. मालक म्हणाले, आपल्याकडं जागा आहे.”

पोरगा दारातच उभा होता. त्यानं ऐकलं. सहा महिने नोकरी शोधतोय तो. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं कदमांचा कप उचलला आणि आत नेला.

मी कदमांना म्हणालो, “ती डोक्यानं ठीक हुती. लय ठीक हुती. मी हितं जन्मभर तिच्यासंगं भांडलोय, मला ठावं हाय. हे तुमी लिवून घ्या, त्येच्यावर मी सही करतो.”

“विचार करा,” ते म्हणाले.

“केलाय. हार घातलात, बरं केलंत. आता तुमी जावा.”

ते गेले. मग मी कस्तुरीच्या वकिलाला फोन लावला. बाई तरुण आहेत, सांगलीच्या. मी विचारलं, आक्का गेली, आता तिच्या बोलण्याचं काय होणार? त्या म्हणाल्या, “काही होत नाही. साक्ष नोंदली गेलीय, उलटतपासणी झालीय. ती जशीच्या तशी राहते.” मी त्यांना ते दोनदा म्हणायला लावलं. दुसऱ्या वेळी फोन स्पीकरवर टाकला, घरातल्यांनी ऐकावं म्हणून.

वरच्या कोर्टातली तारीख अजून लागलेली नाही. लागेल तेव्हा कस्तुरी येणार आहे, इस्माईलभाई येणार आहेत, आणि मीही जाणार आहे. मला तिथं बोलता येणार नाही, असं वकीलबाईंनी बजावलंय. चालेल. मी नुसता बसेन. पण मिलच्या माणसांना मान वळवली की मी दिसेन, अशा जागी बसेन.

तुझा,
संपत